रोजचे ६० किलोमीटर, सोसायटीचं पार्किंग आणि गावचं घर: गाडीच्या चार्जिंगला नक्की काय बसवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. बाणेरला सोसायटीत फ्लॅट, स्टिल्टमध्ये ठरलेलं पार्किंग. ऑफिस चाकणला, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. महिना-दोन महिन्यांतून एकदा कराडजवळच्या गावी जाणं. ३० युनिटची (३० kWh) बॅटरी घ्यावी की ४५ ची? शोरूमवाले ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवाच म्हणतात, तो लागेल का? आणि सेक्रेटरी म्हणतात, “एकाला परवानगी दिली की सगळ्यांना द्यावी लागेल,” त्यांना काय उत्तर द्यायचं?

मी इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे. पुणे-पिंपरीच्या सोसायट्यांमध्ये चार्जिंगचे पॉइंट काढून देणं हा गेल्या काही वर्षांत माझ्या धंद्याचा मोठा भाग झालाय. सरळ सांगतो: तुम्हाला ७.२ ची गरज नाही. १६ अँपियरचा एक पॉइंट पुरतो. पण तो पॉइंट कसा काढलाय यावर सगळं अवलंबून आहे. लोक भिंतीवरच्या चकचकीत डब्यावर पैसे घालतात आणि वायर, अर्थिंगमध्ये काटकसर करतात. करायचं असतं नेमकं उलट.

आधी हिशोब करू. तुमच्या आकाराच्या गाडीला शहरात एका युनिटला साधारण ७ किलोमीटर मिळतात. मोशी-चाकणचा जाम आणि मे महिन्यातला एसी धरला तर ६ म्हणा. एसी तासाला एक-दीड युनिट खातो, त्यामुळे दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलात तर दोन-तीन युनिट नुसती थंड हवेत जातात. म्हणजे ६० किलोमीटरला बॅटरीतून ९ ते १० युनिट गेली. भिंतीतून बॅटरीत जाताना दहा-पंधरा टक्के गळती होते, म्हणून मीटरवर ११ धरा. १६ अँपियरच्या पॉइंटवर गाडीसोबत मिळणारी केबल १२-१३ अँपियर ओढते, २३० व्होल्टला पावणेतीन-तीन किलोवॅट. अकराला तीनने भागा. चार तासांच्या आत काम होतं. रात्री अकराला लावली तर तीनला भरलेली असते आणि तुम्ही उठता सहाला. ७.२ च्या चार्जरवर हेच काम पाऊण-एकला होईल. मधले दोन तास वाचवून झोपेत करणार काय?

भिंतीवरच्या त्या डब्याबद्दल आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. एसी चार्जिंगमध्ये (हा एसी म्हणजे घरातल्या विजेचा अल्टरनेटिंग करंट) खरा चार्जर गाडीच्या आत असतो, ऑनबोर्ड चार्जर. भिंतीवरचा डबा म्हणजे सुरक्षेची सोय असलेला हुशार स्विच, त्यापलीकडे काही नाही. काही छोट्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये ऑनबोर्ड चार्जरच ३.३ किलोवॅटचा असतो. त्यांना ७.२ चाच काय, २२ चा डबा लावला तरी गाडी ३.३ च्या वर घेणार नाही. म्हणून आधी गाडीच्या माहितीपत्रकात ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा, मग डब्याचं बोला.

आता पॉइंटकडे येतो, कारण बहुतेक तक्रारी इथूनच येतात. ‘पंधरा अँपियरचा पॉइंट आहे की पार्किंगमध्ये, वॉचमन पाण्याची मोटर त्यावरच लावतो,’ असं म्हणून लोक त्यातच गाडी लावतात. दोन-तीन महिन्यांनी प्लेटवर तपकिरी डाग पडतो, मग वास येतो, मग फोन येतो. घरातला गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे पावणेनऊ अँपियर, तोही पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि थर्मोस्टॅट बंद करतो. गाडी तेरा अँपियर सलग चार-चार तास ओढते, रविवारी रिकामी लावली तर बारा तास. सॉकेटमधल्या पितळी पाकळ्या जराशा सैल असल्या आणि तिथे नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी तेरा अँपियरला सतरा वॅट उष्णता एवढ्याशा जागेत तयार होते. सोल्डरिंग आयर्न सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखंच ते. प्लॅस्टिक मऊ पडतं, पाकळ्या आणखी सैल होतात, उष्णता आणखी वाढते. यात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही हे नीट लक्षात घ्या. त्याच्या दृष्टीने करंट तेराच आहे, त्याचं काहीच बिघडलेलं नाही.

म्हणून मी पार्किंगमध्ये घरगुती मॉड्युलर सॉकेट लावत नाही. निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावतो, झाकणवाला, १६ अँपियरचा. गाडीसोबतच्या केबलला साधा तीन पिनी प्लग असेल तर चांगल्या कंपनीचा १६ अँपियरचा सॉकेट वेदरप्रूफ डब्यात, आणि वर्षातून एकदा बदलायचा. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर गाडी काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कधीच नाही. गुंडाळी केलेली केबल मधल्या वेढ्यांत वितळलेली मी पाहिलीय.

वायरचं गणित सोसायटीत महत्त्वाचं, कारण मीटर रूम एका टोकाला आणि तुमचं पार्किंग दुसऱ्या टोकाला असतं. समजा ६० मीटरची ओढ आहे. दुकानदार ‘१५ अँपियरला अडीच एमएम पुरते’ म्हणून २.५ ची वायर देईल. तेरा अँपियरला तिच्यात साडेअकरा व्होल्टचा ड्रॉप येतो (तेवढं व्होल्टेज वाटेतच पडतं), म्हणजे दीडशे वॅट वायर तापवण्यातच गेले, रोज, बिलासकट. ४ एमएमला हाच ड्रॉप सात व्होल्टवर येतो. माझा सल्ला ६ एमएम तांब्याची आर्मर्ड केबल, थ्री कोअर, एकदाच ओढून ठेवा. मजुरी तीच, ट्रे तोच, फरक फक्त केबलच्या किमतीचा. उद्या मोठी गाडी आली आणि ७.२ लावावंसं वाटलं तर चाळीस मीटरच्या आतल्या ओढीला हीच केबल चालेल. साठ मीटरवर ३२ अँपियर नेलेत तर मात्र ६ एमएममध्ये बारा व्होल्ट पडतात, तिथे १० एमएम हवी. मधे जॉइंट नको. अ‍ॅल्युमिनियमची जुनी केबल पडून आहे म्हणून तिला तांब्याची वायर पिळून जोडणारे महाभाग आहेत, त्यांना आवारात शिरू देऊ नका.

मीटर रूममध्ये जोडणी तुमच्या स्वतःच्या मीटरच्या पुढून घ्यायची, फ्लॅटला जाणाऱ्या वायरच्या शेजारी वेगळा एमसीबी टाकून. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर तळमजल्यालाच असतात, त्यामुळे हे सोपं जातं. युनिट तुमच्या बिलात येतात, सोसायटीच्या कॉमन मीटरचा संबंध राहत नाही आणि ‘आमच्या मेंटेनन्समधून याची गाडी चालते’ हे वार्षिक सभेतलं वाक्य जन्मालाच येत नाही.

सुरक्षेसाठी या पॉइंटला स्वतंत्र ३० मिलीअँपियरचा आरसीबीओ (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतो, आणि तो ‘टाइप ए’ चा. न सांगता मागितलात तर काउंटरवर ‘टाइप एसी’ हातात पडतो, कारण घरांना तोच जातो. फरक ओळखायला तो हातात घेऊन पुढच्या बाजूला छापलेली खूण बघा. चौकोनात नुसती एक लाट असेल तर एसी. लाटेखाली अर्ध्या उड्यांची दुसरी रेघ असेल तर ए. गाडीतला चार्जर एसीचं डीसी (बॅटरीला लागणारा एका दिशेचा करंट) करतो, त्यामुळे गळती झाली तर ती साध्या लाटेसारखी नसते, तुटक एका दिशेची असते. टाइप एसीला ती दिसत नाही, आणि आरसीबीओ बसवलाय या समाधानात आपण राहतो.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरतो, आणि इलेक्ट्रिशियन तपासत असताना तुम्ही शेजारी उभे राहा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थ तीन-चार दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तो न्यूट्रलच्या वायरमधला ड्रॉप आहे. गाडी लावलेली नसतानाच दहा-पंधरा दिसत असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय किंवा पट्टी गंजून तुटलीय. जुन्या सोसायट्यांत अर्थ पिटच्या झाकणावर कुंड्या ठेवलेल्या असतात आणि खाली वर्षानुवर्षं पाणी घातलेलं नसतं. गाडीसाठी वेगळा पिट करून घेतला तर उत्तम. सगळ्याचा खर्च ओढीवर आणि त्या आठवड्यातल्या तांब्याच्या भावावर ठरतो, तरी चाळीस मीटरच्या कामाला पंधरा ते पंचवीस हजार धरून चाला.

पावसाचा एक मुद्दा. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये किती पाणी चढलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. बाणेरला नदी लांब असली तरी नाला जवळ असू शकतो, आणि बेसमेंटला नालाही लागत नाही, उताराचा रॅम्प पुरतो. सॉकेट जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, आणि त्याचा एमसीबी मीटर रूममध्ये, म्हणजे पाणी चढलं तर पाण्यात न उतरता बंद करता येतो.

आता बिल. इथे लोक सरासरी दराने हिशोब करतात आणि पहिल्या महिन्यात दचकतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे वेगळा. तुमच्या घराला आज समजा १८० युनिट लागतात. गाडीची महिन्याची २७५ युनिट त्याच्यावर चढतात. म्हणजे गाडीची पहिली १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली १५५ तिसऱ्यात. गाडीच्या विजेचा खरा भाव म्हणजे हा वरच्या टप्प्याचा भाव, अधिक वहन आकार, अधिक १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून आकडा तुमच्या शेवटच्या बिलाच्या मागून घ्या. तरी ढोबळ अंदाज द्यायचा तर महिन्याला चार हजारांच्या आगेमागे बसतं. तेवढ्याच धावेला, १५०० किलोमीटरला, १४ चं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी शंभराच्या वर लिटर पिते. शंभर रुपयांच्या वरच्या भावाने ते काय होतं ते तुम्ही करा.

तुमचं घरचंच बिल चारशे-पाचशे युनिटचं असेल, एसी रात्रभर चालत असेल, तर गाडीसाठी वेगळी जोडणी घेण्याचा विचार करा. ईव्ही चार्जिंगची दरश्रेणी वेगळी आहे, तिला घरगुती टप्पे नाहीत, पण स्थिर आकार वेगळा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय ग्राहकाला स्पष्टपणे आहे. तुमच्या १८० युनिटच्या घराला मात्र हा खटाटोप नको. बिलावर टीओडीची (दिवसाच्या वेळेनुसार दराची) ओळ दिसत असेल, म्हणजे स्मार्ट मीटर बसला असेल, तर कोणत्या तासांना सवलत आहे तेही वाचा. घरून काम करण्याच्या दिवशी दुपारी लावलेली गाडी थोडी स्वस्तात भरू शकते.

७.२ कोणाला लागतो? रोज दीडशेच्या वर गाडी फिरते त्याला, घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आणि पॉइंट एकच आहे त्याला, रात्री बाराला येऊन पहाटे पाचला निघतो त्याला. ३२ अँपियर आणि घराचा भार एका सिंगल फेजवर बसत नाही. मंजूर भार वाढवायचा, बहुतेकदा थ्री फेज घ्यायचं, मीटर बदलायचा. तुमच्या फ्लॅटचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो, तीन-चार किलोवॅट असेल. १६ अँपियरसाठीही तो वाढवून घ्या, ऑनलाइन अर्ज होतो. गाडी रात्री अकरानंतर चालू होणार असली तरी मंजुरी कागदावर असलेली बरी, सोसायटीला दाखवायलाही उपयोगी पडते.

आता सेक्रेटरी. त्यांचं वाक्य ऐकून तुम्हाला राग आलाय, पण ‘उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’ हा त्या खुर्चीत बसणाऱ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. त्यांना उत्तर आकड्यांत द्या. समजा ऐंशी फ्लॅट आणि ऐंशीच्या ऐंशी गाड्या इलेक्ट्रिक झाल्या. पुण्यात सगळेच रोज ६० किलोमीटर जात नाहीत, सरासरी ४० धरा. गाडीमागे मीटरवर सात युनिट, एकूण ५६०. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत पसरले तर भार ८० किलोवॅटचा. त्याच इमारतीत सकाळी साडेसहाला ऐंशी गीझर एकदम लागले तर १६० किलोवॅट होतात, आणि तो ट्रान्सफॉर्मर हे वर्षानुवर्षं निमूट सोसतोय. आता दुसरी बाजू. त्याच ऐंशी जणांनी ७.२ चे डबे लावले आणि संध्याकाळी आठला, टीव्ही-लिफ्ट-मिक्सर-एसीच्या वेळेला, एकदम प्लग घातले तर पावणेसहाशे किलोवॅट. तिथे ट्रान्सफॉर्मर बंद पडेलच.

म्हणजे कमिटीने परवानगी द्यायची की नाही हा मुद्दाच नाही, अट कोणती घालायची हा आहे. मी सोसायट्यांना एका पानाचा ठराव सुचवतो. पॉइंट १६ अँपियरचाच. जोडणी सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून. केबल सोसायटीने ठरवलेल्या ट्रेमधूनच, कोणी छताला क्लिपा ठोकत जायचं नाही. आरसीबीओ टाइप ए. काम परवानाधारक काँट्रॅक्टरकडून, त्याचा टेस्ट रिपोर्ट ऑफिसात. चार्जिंग रात्री अकरानंतर; गाडीच्या अ‍ॅपमध्ये वेळ लावता येते, नाहीतर टायमर बसवता येतो. ट्रे मात्र सोसायटीने पहिल्याच अर्जाच्या वेळी सगळ्या रांगांना पुरेल एवढा रुंद टाकून घ्यावा. पहिल्या तीन-चार जणांच्या वेगवेगळ्या पाइपांनी छताची जी दशा होते ती बघून पाचव्याला नकार मिळतो, असं माझ्या पाहण्यात बरेचदा आलंय.

आग लागेल ही भीती कमिटीत हमखास निघते. तिला हसू नका. बॅटरीसाठीची एआयएस १५६ ची मानकं डिसेंबर २०२२ पासून कडक झाली ती दुचाकींना लागलेल्या आगींनंतरच. पण पार्किंगमध्ये मला जळालेलं जे सापडतं ते बहुतेक वेळा सॉकेट, प्लग आणि जॉइंट असतं, गाडी नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाली सोडलेली वायर आणि टोकाला एक्स्टेंशन, असा प्रकार परवानगी नाकारलेल्या सोसायटीतच दिसतो. हा मुद्दा सभेत जरूर मांडा.

बॅटरीचा आकार. रोजच्यासाठी ३० पुरते, जास्तच होते. रोज तिसरा हिस्सा वापरून रात्री परत भरायची, त्यात कुठली धास्ती? पत्रकावर छापलेल्या रेंजवर जाऊ नका. ४५ युनिटच्या नेक्सॉनवर ४८९ किलोमीटरचा आकडा होता, तो ठरवून दिलेल्या चाचणी चक्राचा. त्यात तुमचा एसी, खंबाटकीचा चढ आणि मागच्या सीटवरचे तांदळाचे कट्टे नसतात. छापील आकड्याचे ६०-७० टक्के धरले की निराशा होत नाही.

कराड पुण्याहून १६० किलोमीटर. दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्या उंचीवर, त्यामुळे कात्रज आणि खंबाटकीला चढताना गेलेलं बरंचसं उतारावर ब्रेक लागताना परत येतं. महाबळेश्वरचं तसं नाही. तिथे पुण्यापेक्षा आठशे मीटर वर जायचं, चार माणसांची भरलेली गाडी तेवढी उचलायलाच चार-साडेचार युनिट जादा लागतात. मुंबईहून पुण्याला येतानाही खोपोलीनंतर आकडा झपाझप उतरतो आणि नवी मंडळी घाबरतात, ते यामुळेच.

सातारा रस्त्याला ९० ने गेलात तर युनिटला ६ किलोमीटर मिळतात, कराडपर्यंत २७ युनिट. ११० ने गेलात तर ५ वर येतं, ३२ युनिट. हिशोबात वीस मिनिटं वाचतात, पण जादाची पाच युनिट कुठेतरी भरावीच लागतात, आणि रांग असली तर वाचलेली वीस मिनिटं तिथेच जातात. म्हणजे ३० च्या बॅटरीला एक थांबा नक्की. साताऱ्याला पोचेपर्यंत साधारण ४० टक्के उरतात, तिथे चहा-मिसळ होईतो अर्धा तास लावली की पुढचं निवांत. ४५ च्या बॅटरीला थांबायची गरज नाही, गावी पोचून ४० टक्के शिल्लक.

मी तुमच्या जागी असतो तर ४५ घेतली असती. ठरवून निघालेल्या प्रवासाला ३० सुद्धा चालते. पण गावाकडे आईवडील असलेला माणूस कधीतरी रात्री दोनला फोन आल्यावर निघतो, आणि त्या वेळी साताऱ्याचा चार्जर चालू आहे का हे अ‍ॅपवर शोधत बसायचं नसतं. गावी कोणी नसतं तर मी तुम्हाला ३० च सांगितली असती आणि वाचलेल्या पैशांत दुसरं काहीतरी करायला लावलं असतं.

हायवेवरच्या डीसी, म्हणजे जलद चार्जरबद्दल दोनच गोष्टी. ‘६० किलोवॅट’ लिहिलेल्या मशीनला दोन गन असल्या आणि दुसऱ्या गनवर कोणी असलं तर बऱ्याच ठिकाणी तुम्हाला तीसच मिळतात. आणि ८० टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या चाळीसइतका वेळ लागू शकतो. मागे गाडी उभी असेल तर ८० ला उठा. जीएसटी धरून युनिटला साधारण १८ ते २५ रुपये पडतात, घरच्यापेक्षा बरेच जास्त, म्हणून रोजचं चार्जिंग बाहेर करायच्या भरवशावर गाडी घेऊ नये. ज्यांना ठरलेलं पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर लागते, त्यांना मी अजूनही थांबायला सांगतो. निघण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅप उतरवून त्यात थोडे पैसे टाकून ठेवा. खंबाटकीच्या पायथ्याला, रेंज जाताना, ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही.

गावच्या घराबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे खरी गोची होते. तुम्ही हौसेने केबल काढता, पडवीतल्या पॉइंटला लावता आणि केबलच्या डबीवर लाल दिवा लागतो: अर्थ फॉल्ट. बहुतेक जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं, मोठं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. मिक्सर, टीव्ही, फ्रीज त्यावर वर्षानुवर्षं चाललेत, त्यामुळे कोणाला पत्ता नसतो. गाडी मात्र अर्थ तपासूनच वीज घेते. मग गावातला वायरमन येतो आणि दोन मिनिटांत काम करून देतो: सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला जंपर मारतो, म्हणजे वायरीच्या तुकड्याने दोन्ही जोडून टाकतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश.

हे करू देऊ नका. त्या जंपरनंतर गाडीचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला जातो. गावच्या लाइनीवर न्यूट्रल तुटणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, वादळात फांदी पडली की झालं. न्यूट्रल तुटला की घरातल्या चालू दिव्या-पंख्यातून फेज त्या जंपरवाटे गाडीच्या पत्र्यावर येतो. अंगणात, ओल्या जमिनीवर, अनवाणी पोरगं गाडीला हात लावतं. पुढचं सांगायला नको. योग्य काम हजार-दोन हजारांत होतं: घराच्या सावलीच्या बाजूला, जिथे ओल टिकते तिथे, अर्थिंगचा पाइप किंवा रॉड पुरायचा, कोळसा-मीठ किंवा तयार पावडर घालायची, तिथून तांब्याची वायर पडवीतल्या पॉइंटपर्यंत आणायची आणि आरसीबीओ बसवायचा. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायला कोणाला तरी सांगून ठेवा.

व्होल्टेजचंही बघा. संध्याकाळी गावात १८०-१९० व्होल्ट असतं, कधी त्याहूनही कमी, आणि केबल मधेच बंद पडते. रात्री अकरा-बारानंतर ते सावरतं, तेव्हा लावा. काही गाड्यांत करंट १० किंवा ८ अँपियरवर आणता येतो, गावी तसाच ठेवा. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर तेवढ्यातही गाडी भरते. आणि विहिरीवरच्या मोटरच्या जोडणीवर गाडी लावायचा मोह आवरा. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाल्यापासून हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. शेतीची वीज गाडीला वापरणं हा विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आकारणी जबर होते आणि नाव वडिलांचं जातं.

राहिला शोरूमचा डबा. गाडीच्या किमतीतच येत असेल, वेगळे पैसे नसतील, तर नाही म्हणू नका. फक्त त्यांच्या इन्स्टॉलरला दोन गोष्टी सांगा. एक, केबल आणि आरसीबीओ वर लिहिल्याप्रमाणे आमचा काँट्रॅक्टर आधी टाकेल, तुम्ही फक्त डबा बसवा. कारण त्यांच्या फुकटच्या इन्स्टॉलेशनमध्ये ठरावीक मीटरच केबल येते आणि पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे लागतात. दोन, डब्याचा करंट १६ अँपियरवर सेट करून द्या. बहुतेक डब्यांत झाकणाच्या आत छोटे स्विच असतात किंवा अ‍ॅपमधून ते होतं. इन्स्टॉलर ‘३२ वरच राहू द्या’ म्हणेल. तुमच्या मंजूर भाराचं बिल त्याच्यासमोर धरा, आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) लावून गाडी खरंच किती ओढतेय ते तो निघायच्या आधी बघून घ्या.